ओल आवरली की बुरशी आवरते
शीतखोलीतल्या खव्याला, पनीरला, लोण्याला बुरा का येतो आणि तो कसा टाळायचा

गणपतीला दोन दिवस उरलेले असतात. मिठाईच्या दुकानात मोदक-पेढ्यांची घाई चालू असते. मागच्या शीतखोलीतून खव्याचा गोळा बाहेर येतो, वरचं प्लास्टिक सोडवलं जातं आणि कडेला हिरवट-पांढरे ठिपके दिसतात. खोलीचा तापमापक चार अंश दाखवत असतो, यंत्र एकदाही बंद पडलेलं नसतं. तरीही माल टाकून द्यावा लागतो, आणि त्याबरोबर दूध काढणाऱ्यापासून भट्टीवर कढई ढवळणाऱ्यापर्यंत अनेकांची मेहनतही वाया जाते.

महाराष्ट्रात हा प्रसंग नेमका श्रावण-भाद्रपदात जास्त घडतो. सणांमुळे खव्याची मागणी चढते त्याच आठवड्यांत हवेतली ओलही चढलेली असते. सगळी भिस्त थंडीवर ठेवणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. थंडी बुरशीला उशीर लावते. तिला थांबवायचं तर ओल, हवा आणि अस्वच्छता या तिन्हींचा बंदोबस्त करावा लागतो, आणि त्यात ओलीचा क्रमांक पहिला.

बुरशी येते कुठून?

बुरशीचे बीजाणू हवेत कायम तरंगत असतात. पेनिसिलियम जातीच्या बुरशीचा एक बीजाणू साधारण तीन-चार मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या डागावर असे लाखो बीजाणू तयार होतात आणि हाताचा धक्का किंवा पंख्याची झुळूक लागली की उडतात. ते भिंतीवर, कपड्यांवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसून महिनोन्महिने वाट पाहू शकतात. ओल आणि अन्न मिळालं की त्यांतून तंतू फुटतात, पदार्थात शिरतात आणि काही दिवसांनी वर रंगीत भुकटी दिसू लागते. आपल्या डोळ्यांना जी दिसते ती या प्रवासाची शेवटची पायरी असते.

दूध तापवताना यातले जवळजवळ सगळे बीजाणू मरतात. पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, तेवढ्याने नेहमीच्या बुरशा टिकत नाहीत. खवा तर कढईत त्याहून कितीतरी जास्त वेळ उकळत, आटत असतो. भट्टीवरून उतरलेल्या गरम खव्यात बुरशी नसते असं धरायला हरकत नाही. मग दहा दिवसांनी दिसलेली बुरशी आली कुठून? कढई उतरल्यानंतर ज्या ज्या गोष्टीने खव्याला स्पर्श केला तिथून: ताट, उलथनं, हात, फडकं, गुंडाळायचा कागद, खोलीतली हवा. म्हणून बुरशीचा शोध घ्यायचा तो पदार्थ शिजून झाल्यापासून बांधला जाईपर्यंतच्या वेळात.

थंडीत ती मरत का नाही?

दूध नासवणारे बरेच जिवाणू चार अंशांवर सुस्तावतात, आणि बुरशीच्या अनेक जातीही मंदावतात. पण पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, म्यूकर यांसारख्या जातींना फ्रिजचं तापमान सोसतं. काही जाती शून्याच्या खालीही हळूहळू वाढतात. उणे १८ अंशांवर वाढ पूर्ण थांबते, तरी बीजाणू जिवंत राहतात. माल बाहेर काढून वितळू दिला, की ते पुन्हा कामाला लागतात.

बुरशीच्या आणखी दोन सवयी लक्षात ठेवायला हव्यात. तिला जगायला प्राणवायू लागतो, म्हणून ती पृष्ठभागावर, चिरांमध्ये, प्लास्टिकखाली अडकलेल्या हवेच्या फुग्याजवळ दिसते. आणि तिला जिवाणूंपेक्षा कमी पाणी पुरतं, आंबटपणाही चालतो. त्यामुळे जिथे जिवाणू हरतात, तिथे बुरशीला रान मोकळं मिळतं. आंबट चक्का, खारट लोणी यांसारखे पदार्थ जिवाणूंपासून बरेच सुरक्षित असतात, आणि नेमक्या याच पदार्थांना बुरशी धरते.

फ्रान्समधल्या रॉकफोर्टच्या थंड, दमट गुहांत मेंढीच्या दुधाचं चीज पिकवतात. त्यातल्या निळ्या शिरा पेनिसिलियम रॉकफोर्टी या बुरशीच्या. तिथे तिला मुद्दाम वाढवतात. ती थंडीत वाढते, अगदी थोड्या प्राणवायूवर भागवते, आणि याच गुणांमुळे आपल्या शीतखोलीतल्या साध्या चीजवर ती शिरली तर तिला हुसकावणं कठीण जातं.

कोणत्या पदार्थाला कसा धोका?

खवा: याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पाणी असतो, आंबटपणा जवळजवळ नसतो आणि साखर-मीठही घातलेलं नसतं. म्हणजे बुरशीसाठी तयार ताट. भूम तालुक्यातला कुंथलगिरीचा खवा असो की दुकानामागच्या छोट्या भट्टीवरचा, धोका सारखाच. गोळा करताना पडलेल्या भेगा आणि हाताचे ठसे या जागा सर्वांत आधी पकडल्या जातात. दाणेदार खव्यात पाणी जास्त आणि पोतही मोकळा, त्यामुळे तो घट्ट पिंडी खव्यापेक्षा लवकर खराब होतो.

पनीर: यात पाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत असू शकतं. दाबून झाल्यावर पनीर गार पाण्यात बुडवतात, आणि ते पाणी शुद्ध नसेल तर तिथेच दूषित होतं. पनीरवर आधी बुळबुळीत थर येतो, तो जिवाणूंचा. बुरशी त्याच्या मागोमाग येते. बुळबुळीत झालेलं पनीर धुऊन वापरणं दोन्ही बाजूंनी धोक्याचं.

चक्का आणि श्रीखंड: चक्का ज्या मलमलीत टांगतात ते फडकं बुरशीचं आवडतं घर आहे. धाग्यांमध्ये दह्याचे कण अडकतात, फडकं नीट वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वापरलं जातं. गुढीपाडव्याच्या आधी अनेक ठिकाणी चक्का गोठवून साठवतात. फडक्यावरून आलेले बीजाणू त्या साठ्याबरोबर गोठतात आणि वितळताना जागे होतात.

लोणी: लोण्यातलं संरक्षण एका साध्या हिशोबात दडलेलं आहे. १०० ग्रॅम लोण्यात साधारण १६ ग्रॅम पाणी आणि खारट लोण्यात दोनेक ग्रॅम मीठ. मीठ चरबीत विरघळत नाही, ते सगळं पाण्याच्या थेंबांत जातं. म्हणजे ते थेंब ११ टक्क्यांचं मिठाचं पाणी होतात, आणि त्यात फार थोडे जीव तग धरतात. पण लोणी नीट मळलं नाही, पाणी मोठ्या थेंबांत राहिलं, मीठ सगळीकडे पोचलं नाही, तर ज्या थेंबात मीठ नाही तिथे काळे-हिरवे ठिपके येतात. घरच्या बिनमिठाच्या पांढऱ्या लोण्याला तर हे संरक्षणच नाही. ते थोडं काढावं, लवकर कढवून तूप करावं.

चीज: प्रक्रिया केलेलं चीज गरम असतानाच बांधतात, त्यामुळे बंद पुडक्यात बुरशी दिसली तर पुडकं कुठेतरी फुटलेलं किंवा त्याची शिवण कच्ची राहिलेली असते. नैसर्गिक चीज मात्र आठवडे-महिने पिकत राहतं, म्हणून त्याच्या पृष्ठभागाची सतत राखण करावी लागते.

ओल: चार चमचे पाण्याचा हिशोब

गरम हवेत पाण्याची वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, तर चार अंशांच्या हवेत जेमतेम साडेसहा ग्रॅम. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्यातली हवा ३० अंशांची आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्या प्रत्येक घनमीटरात जवळपास २६ ग्रॅम पाणी असतं. ही हवा शीतखोलीत शिरून चार अंशांवर आली, की किमान १९ ग्रॅम पाणी तिला सोडावंच लागतं. १९ ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे चार चमचे.

आता तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच अशी छोटी शीतखोली घ्या. दार जरा वेळ सताड उघडं राहिलं आणि आतली निम्मी हवा बदलली, तर पेलाभर पाणी आत आलं. दिवसातून वीस वेळा असं झालं तर चार लीटर. यातलं बरंचसं थंड नळ्यांवर जमतं आणि गळतीच्या नळीने बाहेर जातं. उरलेलं छतावर, भिंतीच्या कोपऱ्यांत, डब्यांच्या झाकणांवर आणि पुडक्यांच्या घड्यांत बसतं. डब्यांना घाम फुटतो तो हा. पुण्या-नाशकाच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच खोली, तेच दार, तीच माणसं असूनही बुरशीचा त्रास कमी होतो, कारण बाहेरची हवा कमी पाणी घेऊन येते.

या हिशोबातून पुढच्या सगळ्या सूचना निघतात. आर्द्रता मोजणारं साधं यंत्र तापमापकाशेजारी टांगून ठेवावं. बांधलेल्या मालाच्या खोलीत आर्द्रता सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं.

दार, भिंती, मांडणी

दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावावा आणि तो खुंटीला बांधून ठेवण्याची सवय मोडावी. जागा असेल तर दारापुढे एक लहान गार केलेली मधली खोली ठेवावी. तिथेच बरीचशी ओल गळून जाते. काय काढायचं त्याची यादी बाहेर करून मगच आत जावं. दाराच्या कडेचं रबर दर आठवड्याला पुसावं. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावं, पट्टी सहज ओढली गेली तर रबर बदलायची वेळ झाली.

भिंतीच्या पॅनलांचे सांधे आणि छताला पाडलेली भोकं नीट बुजवलेली हवीत. सांध्यातून ओल आत शिरली की पॅनलच्या पोटातली उष्णतारोधक वस्तू सादळते, तो भाग बाहेरून गार लागतो आणि तिथेच काळा बुरा चढतो. भिंतीवर एका ठरावीक जागी बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुसण्याआधी तिथला सांधा तपासावा.

माल भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उचलून ठेवावा. रांगांमधून हवा फिरली तर पृष्ठभाग कोरडे राहतात. थेट पंख्यापुढे मात्र उघडा माल ठेवू नये, त्याच झोतातून बीजाणू त्याच्यावर येतात. लाकडी फळ्या आणि पुठ्ठ्याची खोकी शीतखोलीत नकोतच. दोन्ही ओल पितात, दोन्ही बुरशीला अन्न पुरवतात. कच्चा माल पुठ्ठ्यातून आला तर दाराबाहेर तो धुता येणाऱ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये काढून घ्यावा. कांदे, फळं, भाज्या आणि दुग्धपदार्थ एका खोलीत ठेवू नयेत, भाजीबरोबर माती येते आणि मातीबरोबर बीजाणू.

सर्वांत दुर्लक्षित जागा: थंड नळ्या आणि पंखा

खोलीतली हवा दिवसभर ज्या यंत्रातून फिरते ते यंत्रच बऱ्याचदा बुरशीचं मूळ असतं. नळ्यांच्या पातळ पात्यांवर धूळ बसते, तिच्यावर पाणी साचतं, आणि त्यामागच्या पंख्यातून तेच सगळ्या खोलीत शिंपलं जातं. खालच्या पाणी जमण्याच्या तबकात पाणी तुंबलं, तर ते तबक म्हणजे बुरशीची रोपवाटिका.

महिन्यातून एकदा वीज बंद करून पंख्याची जाळी आणि पाती पुसावीत, तबक घासून धुवावं, गळतीची नळी मोकळी आहे का ते पाहावं. नळ्यांची सफाई तंत्रज्ञाकडून ठरावीक काळाने करून घ्यावी, आणि पावसाळा सुरू होण्याआधी एकदा नक्की. नळ्यांवर बर्फाचा जाड थर चढू देऊ नये. बर्फ चढला की नळ्या हवेतली ओल ओढून घेऊ शकत नाहीत आणि खोली थंड असूनही दमट राहते.

स्वच्छता: क्रम चुकला तर कष्ट वाया

बुरशी दिसली की अनेकजण कोरडा झाडू किंवा कोरडं फडकं घेऊन धावतात. त्याने एका डागाचे लाखो बीजाणू खोलीभर पसरतात. आधी माल बाहेर काढावा, पंखा बंद करावा, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालावेत, आणि डाग ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. ते फडकं लगेच पिशवीत बंद करून टाकून द्यावं.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे: साबणाच्या किंवा धुण्याच्या द्रावणाने घासणं, स्वच्छ पाण्याने धुणं, जंतुनाशक लावणं, आणि वाळवणं. जंतुनाशक क्लोरीन असेल तर धुण्याची पायरी कधीही गाळू नये. चिकट चरबी आणि दुधाच्या थरावर क्लोरीनची ताकद तिथेच खर्ची पडते आणि खालची बुरशी सुखरूप राहते. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक लीटर पाण्यात चार मिलीलीटर घातल्यावर २०० पीपीएमचं द्रावण होतं. ते पृष्ठभागावर दहा मिनिटं राहू द्यावं, आणि जिथे पदार्थाचा स्पर्श होतो त्या जागा मग पिण्याच्या पाण्याने धुवाव्यात. क्लोरीनचं द्रावण ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. द्रावण रोज ताजं करावं, साठवलेल्याची ताकद उतरते.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी. धुतलेली खोली ओली असताना माल आत ढकलला, तर आपणच बुरशीला आवश्यक ते पाणी पुरवलं. पुसून, पंखा चालवून, कोपरे कोरडे झाल्यावरच माल आत न्यावा.

कापडाचंही हेच. मलमलीचं फडकं वापरल्याबरोबर कोमट पाण्यात धुवावं, वीस मिनिटं उकळावं आणि उन्हात कडकडीत वाळवावं. पावसाळ्यात ऊन नसेल तर गरम हवेच्या जागी वाळवावं. एकाऐवजी चार-पाच फडकी ठेवली तर प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळतो.

खोलीतल्या हवेत किती बीजाणू आहेत ते मोजताही येतं. बुरशी वाढेल असं आगर घातलेली बशी १५ मिनिटं खोलीत उघडी ठेवायची, झाकून २५ अंशांवर पाच दिवस ठेवायची आणि उगवलेले ठिपके मोजायचे. जवळच्या प्रयोगशाळेकडून दर महिन्याला अशी चाचणी करून घेतली आणि आकडे वहीत लिहिले, तर डोळ्यांना बुरा दिसण्याच्या कितीतरी आधी धोका कळतो.

बांधणी: हवेला जागा ठेवू नका

खवा गरम असतानाच, साधारण ८० अंशांच्या आसपास, स्वच्छ डब्यात किंवा उष्णता सोसणाऱ्या पिशवीत काठोकाठ भरून बंद केला, तर भांड्याच्या पृष्ठभागावरचे बीजाणूही त्या उष्णतेने मरतात आणि वर हवा उरत नाही. मग तो झटपट गार करून शीतखोलीत न्यावा. याउलट, गरम खवा सैल झाकून तसाच आत ठेवला की त्याची वाफ झाकणाला लागून थेंब होते, थेंब परत खव्यावर पडतात, आणि शेजारच्या मालालाही घाम फुटतो. दोन्हींत खवा गरमच असतो. फरक असतो तो बंद करण्यात आणि हवा उरू न देण्यात.

पनीर आणि चीजसाठी निर्वात बांधणी उपयोगी पडते. मोठ्या दुग्धशाळा पुडक्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन भरतात. पण सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी प्राणवायू आत येतो आणि सगळा खटाटोप फुकट जातो. म्हणून प्रत्येक खेपेतली काही पुडकी पाण्यात दाबून बुडबुडे निघतात का ते पाहावं. बांधायचं प्लास्टिक आणि लोणी गुंडाळायचा कागद झाकून, कोरड्या जागी ठेवावा. उघड्या गुंडाळीवर बसलेली धूळ सरळ पदार्थाला चिकटते.

संरक्षक द्रव्यं: कुठे चालतात, कुठे नाही

सॉर्बिक आम्ल आणि त्याचे क्षार बुरशीवर चांगलं काम करतात, पण आंबट पदार्थात. त्याचा जो भाग अखंड रेणूच्या रूपात राहतो तोच बुरशीच्या पेशीत शिरतो. चक्क्यासारख्या ४.५ सामू असलेल्या पदार्थात हा भाग जवळपास ६५ टक्के राहतो. साडेसहाच्या आसपास सामू असलेल्या खव्यात तो दोन टक्क्यांच्याही खाली जातो. म्हणजे चक्क्यात जे लागू पडतं ते खव्यात घातलं तर जवळजवळ काहीच होत नाही. शिवाय पेनिसिलियमच्या काही जाती सॉर्बेट पचवून त्याचं पेंटाडाइन करतात, आणि पदार्थाला रॉकेलसारखा वास येतो. चीजला असा वास आला तर रॉकेलचा डबा शोधू नये, बुरशी शोधावी.

नॅटामायसिन हे दुसरं द्रव्य. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते १९५५ साली वेगळं केलं गेलं, नावही त्या प्रांतावरून पडलं. ते बुरशीच्या पेशीचं आवरण बिघडवतं, पण जिवाणूंना धक्का लावत नाही, म्हणून चीज पिकवणारे उपयुक्त जिवाणू शाबूत राहतात. भारतात चीजच्या पृष्ठभागावर ते लावायला परवानगी आहे. कोणतंही संरक्षक द्रव्य वापरायचं तर अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्या पदार्थासाठी परवानगी दिली आहे का, किती मर्यादा ठरवली आहे, हे आधी पाहावं आणि वेष्टनावर छापावं. अस्वच्छ खोलीची भरपाई कोणतंही द्रव्य करू शकत नाही.

वीज गेली तर

ग्रामीण भागात वीज जाणं ही रोजची गोष्ट असू शकते. तापमान चार अंशांवरून बारावर आणि पुन्हा चारवर असं हेलकावत राहिलं, तर पुडक्याच्या आत प्रत्येक वेळी वाफ होते आणि थेंब जमतात. सतत सहा अंशांवर राहिलेल्या मालापेक्षाही अशा मालाला बुरशी लवकर धरू शकते. वीज गेल्याबरोबर दार बंद ठेवावं आणि वेळ लिहून ठेवावी. गच्च भरलेली, चांगल्या रबराची खोली बराच वेळ गारवा धरते. जनरेटर असेल तर तो महिन्यातून एकदा खरोखर चालवून पाहावा. वीज आल्यावर भिंती आणि झाकणं पुसावीत, आणि ज्या मालाने सर्वांत जास्त उष्णता सोसली तो आधी वापरावा.

बुरशी दिसलीच तर

खवा, पनीर, चक्का, श्रीखंड, मलई यांसारख्या मऊ पदार्थांवर एक ठिपका दिसला तरी तो सगळा पदार्थ टाकावा. तंतू आत कुठवर गेले ते डोळ्यांना दिसत नाही. घट्ट चीजच्या बाबतीत डागाच्या भोवती आणि खाली किमान अडीच सेंटिमीटर कापून टाकलं तर उरलेलं वापरता येतं, फक्त सुरी डागाला लागू देऊ नये.

बुरशीच्या काही जाती विष तयार करतात आणि ते विष उकळून, तळून किंवा भाजून जात नाही. म्हणून बुरा आलेला खवा खरवडून गुलाबजामात घालणं, किंवा ताज्या खव्यात मिसळणं हे खाणाऱ्याशी केलेला अन्याय आहे. तो जनावरांनाही घालू नये. बुरशी लागलेल्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन गाईच्या शरीरात बदलून दुधात उतरतं, हे चांगलं माहीत आहे, आणि दुधात त्याची मर्यादा भारतात किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. गोठ्यातली पेंड कोरडी ठेवणं हेही म्हणूनच दुधाच्या राखणीचाच भाग.

टाकायचा माल पिशवीत बंद करून खोलीबाहेर न्यावा. परत आलेला, मुदत संपलेला माल ताज्या मालाच्या खोलीत क्षणभरही ठेवू नये.

दाराला चिकटवण्यासाठी यादी

रोज
- तापमान आणि आर्द्रता सकाळ-संध्याकाळ लिहिणं
- छत, कोपरे, झाकणं यांवरची ओल पुसणं
- जुना माल पुढे, नवा मागे. आधी आलेला आधी बाहेर
- फुटकी, फुगलेली पुडकी बाजूला काढणं

आठवड्याला
- मांडण्या आणि जमीन धुऊन, जंतुनाशक लावून, वाळवणं
- दाराचं रबर आणि पट्ट्यांचा पडदा पुसणं

महिन्याला
- पंखा, जाळी, पाण्याचं तबक आणि गळतीची नळी साफ करणं
- हवेची बशी-चाचणी आणि तापमापकाची पडताळणी

पावसाळ्याआधी
- नळ्यांची तंत्रज्ञाकडून सफाई, सांधे बुजवणं, जनरेटरची तपासणी

घरच्या फ्रिजसाठी

हीच तत्त्वं घरालाही लागू पडतात. खवा आणला की एका वेळी लागेल एवढ्या वड्या करून, घट्ट गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. पनीर उघडल्यावर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावं, पाणी रोज बदलावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं. श्रीखंडाच्या डब्यात कोरडा, स्वच्छ चमचाच घालावा. फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवून पाहा, काळपट थर लागला तर आजच पुसा. लोण्याचं भांडं दारात ठेवण्यापेक्षा आतल्या कप्प्यात ठेवावं, तिथे तापमान कमी हेलकावतं.

खव्याच्या एका गोळ्यामागे कुणाची तरी पहाटेची धार असते, कुणाचे तरी धगीसमोरचे तास असतात. शीतखोलीच्या दाराशी उभं राहिल्यावर तापमापकाआधी छताकडे आणि कोपऱ्यांकडे पाहायची सवय लागली, हातात कोरडं, धुतलेलं फडकं असलं, की त्या कष्टांची राखण होते. मग चतुर्थीच्या सकाळी प्लास्टिक सोडवल्यावर खवा जसा ठेवला होता तसाच, पांढराशुभ्र निघतो.